लाइन ॲरे घेण्याआधी मैदान मोजा

लग्नसराई संपली की साउंडवाल्या मंडळींमध्ये दरवर्षी एक हवा सुटते. अमक्याने नवा लाइन ॲरे आणला, तमक्याने दिल्लीला ॲडव्हान्स दिला, आता आपण मागे राहिलो तर ऑर्डर जाईल. यंदा ही हवा माझ्या घरापर्यंत आली. माझा भाचा मालेगावात मंडप आणि साउंडचे काम करतो. एक दिवस तो दुकानात आला आणि गादीवर बसून म्हणाला, ‘मामू, बँकेच्या कागदावर जामीन म्हणून तुमची सही पाहिजे.’

कोटेशन पाहिले. आठ टॉप, चार बेस, किंमत चौदा लाख. चार वर्षांची मुदत, तेरा टक्के व्याज. महिन्याचा हप्ता साडेसदतीस हजार. मुदत संपेपर्यंत नुसते व्याजच चार लाखांवर जाणार.

मी कापडाचा व्यापारी. आवाजातले मला काय कळणार? पण माल घेताना जे विचारायचे असते ते सर्व धंद्यांत सारखेच. कापड घेताना मी विचारतो, सूत किती काऊंटचे, रीड-पिक किती, पन्हा किती, आणि हे नेणारे गिऱ्हाईक कोण? तसेच भाच्याला विचारले, ‘बेटा, तुझ्या कार्यक्रमात शेवटची खुर्ची स्टेजपासून किती लांब असते?’ त्याला सांगता आले नाही. मी म्हणालो, सही नंतर करू, आधी अंतर मोजू.

त्यानंतर तीन कार्यक्रमांना मी टेप घेऊन त्याच्याबरोबर गेलो. या कामात केस पांढरे झालेल्या दोन उस्तादांना नाशिक आणि मुंबईत भेटलो. जे समजले ते येथे लिहितो. आपल्या गावांतून माग सोडून मंडप, लाइट आणि साउंडच्या धंद्यात उतरलेली तरुण मुले आज पुष्कळ आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू आहे.

लाइन ॲरे म्हणजे काय?

स्टेजच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक टांगलेले, खाली येताना थोडे वळलेले बॉक्स सर्वांनी पाहिले आहेत. हाच लाइन ॲरे. यामागचे तत्त्व नवे नाही. शाळा, मशिदी आणि सभागृहांतला उभा कॉलम स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. अमेरिकेच्या हॅरी ओल्सन यांनी १९५७ च्या आपल्या ध्वनिशास्त्राच्या ग्रंथात ओळीने लावलेल्या स्पीकरचे गणित मांडले होते. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियन हाईल यांच्या एल-अकूस्टिक्स कंपनीने व्ही-डॉस्क नावाची सिस्टीम आणली आणि मोठ्या मैफलींत आजच्या पद्धतीचा लाइन ॲरे रुजला.

त्याचा फायदा असा. साधा एकटा स्पीकर आवाज चहूकडे फेकतो, म्हणून अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १० मीटरवर १०० डेसिबल असेल तर २० मीटरवर ९४, ४० वर ८८ आणि ८० वर ८२. ओळीने लावलेले बॉक्स जोपर्यंत एक होऊन वाजतात तोपर्यंत आवाज वर-खाली कमी पसरतो आणि दर दुप्पट अंतराला फक्त ३ डेसिबल उतरतो. तेव्हा त्याच अंतरांवर ९७, ९४ आणि ९१ मिळतात. पुढच्याचे कान फाटत नाहीत आणि मागच्यालाही शब्द कळतो.

‘एक होऊन वाजतात तोपर्यंत’ हे शब्द मात्र विसरू नका. सगळा व्यवहार त्यांच्यावरच आहे.

उंचीचा हिसाब

हा ३ डेसिबलचा फायदा किती अंतरापर्यंत टिकेल, ते ओळीच्या उंचीवर आणि सुराच्या जातीवर ठरते. उंची दुप्पट केली की हे अंतर चौपट होते. हाईल यांच्याच सूत्राने सरळ टांगलेल्या ओळीचा ढोबळ हिसाब करून पाहिला. बॉक्सची उंची ३० सेंटिमीटर धरा. चार बॉक्स म्हणजे १.२ मीटरची ओळ. माणसाच्या बोलण्याच्या मधल्या पट्टीतल्या १,००० हर्ट्झच्या सुरासाठी तिचा फायदा सुमारे २ मीटरवर संपतो. आठ बॉक्सना तो साडेआठ मीटरपर्यंत, बारा बॉक्सना १९ मीटरपर्यंत मिळतो. त्यापुढे तीच ओळ साध्या स्पीकरसारखी ६ डेसिबलने उतरते.

उंच पट्टीत हिसाब बरा होतो. ४,००० हर्ट्झला हीच अंतरे चौपट होतात. खालच्या पट्टीत उलटे होते. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिच्यापुढे सव्वा मीटरची ओळ म्हणजे काहीच नाही.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. दोन बाजूंना चार-चार बॉक्स घ्यायचे, ते बेसवर जमिनीवरच रचायचे आणि गिऱ्हाईकाला सांगायचे की लाइन ॲरे लावला आहे. दिसायला तो लाइन ॲरे असतो. पण पहिल्या रांगेतल्या बुजुर्गांच्या थेट कानात आवाज जातो आणि मागे साध्या टॉपपेक्षा फार वेगळे काही पोहोचत नाही. चौदा लाख दिसण्याचे होतात, ऐकण्याचे नाही.

कोठे लागतो, कोठे लागत नाही

लाइन ॲरे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. श्रोते ५०-६० मीटर किंवा त्याहून दूर असतील, आठ-बारा बॉक्स पुरेशा उंचीवर टांगायची सोय असेल, मधे खांब उभे करता येत नसतील, तर त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. छताकडे आवाज कमी जातो, त्यामुळे मोठ्या सभागृहातला घुमारा कमी होतो. माइक शिट्टी मारण्याचा त्रासही कमी होतो.

पण भाच्याची कामे कोणती? लग्नाचे लॉन, जेथे शेवटची खुर्ची २५ ते ३० मीटरवर. शाळेचे स्नेहसंमेलन. दुकानाचे उद्घाटन. काँक्रीटचा हॉल, जेथे छत खाली आणि तिन्ही बाजूंना भिंती. अशा जागी बारा किंवा पंधरा इंची चांगले टॉप स्टँडवर डोक्यांच्या वर चढवले आणि श्रोत्यांकडे नीट झुकवले तर काम साफ होते. छोट्या जागेसाठी ठराविक वळणाचे बॉक्सही मिळतात, ते बाजूला दोन-तीन लावले तरी भागते.

लांबट मैदान असेल तर मधे आणखी एक जोडी उभी करावी आणि तिला डिले द्यावा. हे काम आपले लोक सर्वात जास्त चुकवतात. आवाज एक मीटर चालायला सुमारे ३ मिलीसेकंद घेतो, वीज तारेतून लगेच पोहोचते. स्टेजपासून ३० मीटरवर दुसरी जोडी असेल तर तिला सुमारे ८७ मिलीसेकंद थांबवले पाहिजे. वर दहा-बारा आणखी दिले तर मागच्या माणसाला शब्द स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. आज साध्या डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते.

काही वर्षांपूर्वी एका मुशायऱ्यात मी मागच्या बाजूला बसलो होतो. मैदानभर भोंगे होते, आवाजाला तोटा नव्हता. पण प्रत्येक मिसरा दोनदा ऐकू येत होता, एकदा जवळच्या भोंग्यातून आणि पुन्हा स्टेजकडून. शायर दाद मागत होता आणि मागचे लोक एकमेकांना विचारत होते, काय म्हणाला? तेथे नव्या बॉक्सची गरज नव्हती. डिले लावता येणाऱ्या एका माणसाची गरज होती.

कोटेशनमध्ये काय नसते

कोटेशनवर मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेले असतात. ते वॅट कोणते हे विचारा. क्षणभराचे पीक आणि तासन् तास चालणारे आरएमएस यांत फार फरक असतो. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेव्हा पाच हजार वॅट आणि सहा हजार वॅट यांचे भांडण म्हणजे एकाच थानातल्या दोन वारांचे भांडण.

त्याऐवजी हे विचारा. बॉक्स आडवा किती अंशांत पसरतो? वजन किती? टांगायच्या लोखंडाचा भार तपासल्याचा कागद आहे का? या मॉडेलचा हिसाब कॉम्प्युटरवर मांडता येतो का? नामांकित कंपन्या असे सॉफ्टवेअर देतात. त्यात मैदानाची लांबी, उतार आणि टांगायची उंची भरली की कोणता बॉक्स किती अंशांत वळवायचा ते कळते. ज्या मालाची अशी फाइलच नाही, तो अंदाजाने टांगला जाणार.

नकलेच्या मालाबद्दल दोन शब्द. बाहेरचा आकार कोणताही सुतार हुबेहूब करील. खरा हुनर आत आहे. वरच्या पट्टीचा ड्रायव्हर गोल तोंडाचा असतो. त्यातून निघालेला आवाज उभ्या फटीतून वरपासून खालपर्यंत एकाच क्षणी बाहेर पडला पाहिजे, म्हणून आत सर्व वाटा सारख्या लांबीच्या केलेल्या असतात. शिवाय ओळीतल्या या फटींमध्ये मोकळी जागा फार राहून चालत नाही. उंचीचा सुमारे ८० टक्के भाग भरलेला असावा असा दंडक आहे. स्वस्त नकलेत आत साधा हॉर्न बसवलेला असेल तर आठ बॉक्स आठ तोंडांनी बोलतात. ताणा सैल असला की वरून कितीही खळ लावा, धुतल्यावर कापड आपली जात दाखवते.

ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. गाणे लावून दाखवतील, त्यावर भाळू नका, गाण्याच्या धडाक्यात दोष झाकले जातात. आपला माइक न्या, एका माणसाला साधे बोलायला सांगा आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालत जा. श, स, फ, ख स्पष्ट येतात का पाहा. सर्व बॉक्स एकाच मॉडेलचे घ्या, दोन जातींचे सूत एका बीमवर चालत नाही. डायफ्राम फाटला तर तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल की परदेशातून येण्याची वाट पाहावी लागेल, हे आधीच विचारा. बिल पक्के घ्या.

आणि जे कोटेशनच्या बाहेर आहे ते मोजा. ॲम्प्लिफायर, प्रोसेसर, केबल, ट्रस, चेन ब्लॉक, मोठी गाडी, दोन जादा माणसे, गोदामाचे भाडे, विमा. भाच्याच्या चौदा लाखांत यातले निम्मेही नव्हते.

टांगलेले वजन

एक बॉक्स ३५ किलोचा धरला तर आठ बॉक्स २८० किलो, वर फ्रेम वेगळी. हे वजन माणसांच्या डोक्यावर लटकते. बांबूच्या मंडपाला किंवा डेकोरेटरच्या पाइपला ते टांगणे म्हणजे खून होण्याची वाट पाहणे. भार लिहिलेले शॅकल, वेगळी सुरक्षा वायर-रोप आणि वारा सुटला की खाली उतरवण्याची तयारी नसेल तर टांगू नका, जमिनीवरचे साधे टॉप वापरा. उशीर झाला, गिऱ्हाईक ओरडते आहे, म्हणून एक बोल्ट राहिला, अशी सबब ज्याच्या घरचा माणूस गेला त्याच्यापुढे चालत नाही.

कायदा आणि कान

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, ठरलेल्या सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी, मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये याबाबत कडक निकाल दिले आहेत. सामान जप्त झाले तर ते साउंडवाल्याचे होते. ज्याने ‘आणखी वाढव’ म्हटले तो आयोजक तेव्हा सापडत नाही, हप्ता मात्र चालू राहतो.

लाइन ॲरे वरच्या पट्टीचा आवाज श्रोत्यांवर ठेवतो, शेजाऱ्याला त्याचा त्रास कमी. पण बेसला तो आवरू शकत नाही. ६० हर्ट्झची लहर साडेपाच मीटरहून लांब असते, ती भिंतीला वळसा घालून जाते. तक्रारी बेसच्याच येतात. म्हणून चार बेस घेण्याआधी दोन का पुरत नाहीत हे स्वतःला विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा जास्त नसावी असे सांगितले आहे. पाहुणा दोन तास बसून जातो. आपला पोऱ्या रोज रात्री बॉक्सशेजारी उभा असतो. त्याला कानात घालायची बोळी द्या, ती काही महाग नाहीत.

डायरी काय म्हणाली

अंतर मोजून झाल्यावर मी भाच्याची डायरी उघडायला लावली. गेल्या हंगामात ४६ कामे होती. त्यांपैकी लाइन ॲरेची खरी गरज असलेली पाच. त्या पाच दिवसांसाठी नाशिकहून माणसासकट सिस्टीम भाड्याने आणली असती तर दर वेळी पंचवीस हजार धरून सव्वा लाख गेले असते. हप्ते वर्षाचे साडेचार लाख. पावसाचे चार महिने मैदाने बंद, रमजानमध्ये आपली लग्ने नाहीत, चातुर्मासात हिंदू बंधूंचे मुहूर्त नाहीत. धंदा थांबतो, हप्ता थांबत नाही.

भाचा म्हणाला, ‘पण मामू, गिऱ्हाईक नाव घेऊनच मागते. नाही म्हटले की दुसऱ्याकडे जाते.’ हे खरे आहे आणि याला उडवून लावता येणार नाही. पण नाव घेऊन मागणाऱ्याला भाड्याचा आकडा नाव घेऊनच सांगावा. ज्याला हवे तो देईल. न देणाऱ्यासाठी आपण चार वर्षांचे कर्ज का काढावे?

मला आमच्याच गल्लीतली गोष्ट आठवते. ओळखीच्या एका कारखानदाराने साधे माग विकून परदेशातले जुने रेपिअर माग आणले. माग चांगले होते. पण त्यांना मजबूत सूत लागते, अखंड वीज लागते आणि ते जाणणारा फिटर लागतो. तिन्ही नव्हते. माग उभे राहिले, हप्ते चालत राहिले, शेवटी घर विकावे लागले. मशीन खोटे नव्हते, हिसाब खोटा होता.

माझे मत थोडक्यात असे. दहापैकी आठ कामांना जे लागते ते स्वतःचे घ्यावे, चांगल्यातले घ्यावे. उरलेल्या दोघांसाठी भाड्याने आणावे. वाचलेल्या पैशातला एक हिस्सा शिकण्यावर घालावा. डिले, फेज, अर्थिंग आणि टांगण्याचा हिसाब जाणणारा मुलगा साध्या चार टॉपमधून जे काढील, ते अडाणी हात बारा बॉक्समधून काढू शकत नाही.

गावातली कामे खरोखर वाढली असतील तर आणखी एक रस्ता आहे. चार साउंडवाल्यांनी मिळून एकाच मॉडेलचे बारा बॉक्स घ्यावेत. एक गोदाम, एक जाणकार माणूस, तारखांची एक वही. हिस्सा किती, दुरुस्ती कोणाची, एकाच तारखेला दोघांचे काम आले तर कोणाला, हे स्टॅम्प पेपरवर आधी लिहावे. आपल्याकडे भागीदारी तुटते ती बहुधा तोंडी बोलण्यामुळे. चौघे एकमेकांचे दर पाडत चार-चार बॉक्सवर कर्ज फेडण्यापेक्षा हे बरे. चार बॉक्सची गत काय होते ते वर लिहिलेच आहे.

भाच्याने चार चांगले टॉप, दोन बेस आणि डिलेची सोय असलेला एक डिजिटल मिक्सर घेतला. कर्ज निघाले ते साडेचार लाखांचे. त्या कागदावर मी सही केली. तीन दोस्तांशी त्याची भागीदारीची बोलणी चालू आहेत.

परवा एका लग्नात तो काम करत होता. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. शेजारी ऐंशीच्या घरातले एक बुजुर्ग होते. निकाहाच्या वेळी त्यांना दुल्हा-दुल्हनची नावे, महेरची रक्कम, सर्व काही स्पष्ट ऐकू आले. स्टेजच्या बाजूला काय लावले आहे ते त्यांनी विचारलेही नाही.